राजापूरकडचं मूळ घर, पणजोबांच्या आधीची नावं कशी शोधायची?

परळची_लेक
नमस्कार मंडळी. आमचं गाव राजापूर तालुक्यात. आजोबा पोरवयातच बोटीने मुंबईला आले, परळला गिरणीत लागले आणि मग गावचं घर हळूहळू बंदच पडलं. यंदा शिमग्याला बाबांना घेऊन मी पहिल्यांदा गेले. पालखी घरोघर फिरत आमच्याकडे पण आली, म्हणजे घर नाहीच आता, नुसतं जांभ्याचं जोतं आणि त्यावर माजलेलं रान, पण पोरांनी कोयत्याने थोडी जागा केली आणि गुरवकाकांनी पालखी तिथे टेकवली, नारळ ठेवायला लावला, गाऱ्हाणं घातलं आणि त्यात म्हणाले, "राघोच्या घरची लेकरं आज दारात आलीत, सांभाळ कर." बाबांना रडूच आलं. आणि आम्हाला राघो कोण तेच माहीत नाही! पणजोबांचं नाव सखाराम, त्याच्या मागे सगळा अंधार. आम्ही जे आडनाव लावतो ते गावाच्या नावावरून, पण गावात त्या आडनावाचं एकही घर नाही. सुरुवात कुठून करू? बाबा 78 वर्षांचे आहेत, त्यांच्या डोळ्यांदेखत हे कळावं असं फार वाटतं.

कातळसडा
ताई, आडनाव आधी बाजूला ठेवा. मुंबईला हजेरीपटावर नाव घालताना गावाच्या नावाला 'कर' लावून मोकळे व्हायचे, आपल्याकडे घरटी एक तरी असं झालंय. आणि जुन्या कागदात आडनाव बऱ्याचदा नसतंच, 'सखाराम बिन राघो' असं असतं, बिन म्हणजे अमक्याचा मुलगा. बाईचं असेल तर 'कोम', म्हणजे अमक्याची बायको.

तुमच्याकडे जोतं आहे ना, मग धागा हातात आहे. माणसाला नाही, जमिनीला धरून मागे जायचं. शेजाऱ्यांना त्या तुकड्याचं नाव विचारा, आपल्याकडे बांधाबांधाला नाव असतं, मग त्याचा सर्व्हे नंबर आणि हिस्सा काढा. सातबाऱ्यावर नावांच्या बाजूला गोलात आकडे दिसतील ते फेरफाराचे, म्हणजे जमिनीवरचं नाव बदलल्याच्या नोंदीचे नंबर. त्यातला वारसाचा फेरफार गाठा, त्यात मयत कोण, कधी वारला, मागे कोण कोण राहिलं हे सगळं येतं. त्याच्या आधीचा फेरफार काढला की अजून एक पिढी. संगणकावरचा उतारा पुरणार नाही, हाताने लिहिलेले जुने सातबारे आणि फेरफार तहसीलच्या अभिलेख कक्षातून अर्ज करून नक्कल घ्यायची.

अजून एक. हा सगळा खोतीचा मुलूख, म्हणजे गावचा सारा सरकारसाठी खोत वसूल करायचा. 1949 च्या कायद्याने खोती गेली, त्याआधीच्या कागदात जमीन खोताच्या नावावर आणि आपली माणसं कुळ म्हणून खाली. त्यामुळे वर नाव दिसलं नाही म्हणून परत फिरू नका, इतर हक्काच्या रकान्यात बघा, त्याच्याही मागे जायचं तर बोटखत, म्हणजे खोती गावातल्या जमिनी आणि कुळांची जुनी नोंदवही मागा. मला एका कचेरीत 'ते वाळवीने खाल्लं' म्हणून तीनदा परत पाठवलं, चौथ्यांदा तेच बाड फडक्यात बांधलेलं माळ्यावर निघालं. चिकाटी सोडू नका.

गुहागरची_सून
कातळसडांनी जमिनीचं सांगितलंय, मी जन्माचं सांगते. कोतवाल बुक म्हणजे गाव नमुना 14 मागा, त्यात जन्ममृत्यूच्या नोंदी असतात. जुन्या नोंदी बहुतेक मोडीत. बाळाचं नाव बऱ्याचदा नसतं, अमक्यास मुलगा झाला एवढंच, म्हणून बापाचं नाव धरून शोधायचं. मराठी शाळेचं जनरल रजिस्टर पण बघा.

आणि एक कळकळीचं सांगणं, बायकांची नावं पण शोधा हो. आमच्याकडे वंशावळीत सात पिढ्यांचे पुरुष आहेत आणि एकीचंही माहेर लिहिलेलं नाही. माझ्या आजेसासूंचं माहेर कागदावर कुठेच सापडेना, पण घरात दर नवरात्रात एक ओटी वेगळी काढायची रीत होती, खणात तांदूळ, नारळ आणि वर एक बांगडी, ती खाडीपलीकडच्या गावच्या देवीला जायची. का ते कोणीच सांगू शकत नव्हतं. शेवटी त्या देवळात जाऊन विचारलं तर तिथल्या म्हाताऱ्या गुरवीणबाईंनी घर दाखवलं, अजून तीच माणसं राहतात. तुमच्या घरात अशी काही रीत आहे का बघा.

मालवणचो_झील
माका एकच सांगूचा आसा, पैली मुंबयत शोधा! गिरणगावात गावागावाच्या मंडळांच्या खोल्या होत्या, आमच्या मंडळाकडे अजून पालखीच्या वर्गणीच्या वह्या आहेत, त्यात नाव, वाडी आणि कितवी खोली सगळं. आमच्या आजोबांचे बारा आणे लिहिलेत त्यात. तुमच्या गावचं मंडळ असेलच. दुसरं त्र्यंबकेश्वर, तिथल्या उपाध्यायांच्या वह्यांत गाव आणि आडनाव यांवरून यजमान लावलेले असतात. घरातलं कोणी गेलंच नसेल तर भावकीतलं कोणीतरी गेलेलं असतं, त्याने सगळ्यांची नावं सांगितलेली असतात. आडनाव मात्र जुनं सांगा, मुंबईतलं नाही.

परळची_लेक
सगळ्यांचे मनापासून आभार. गुरवकाकांना फोन केला, ते म्हणाले जागेला 'कोंडावरची पाटी' म्हणतात. त्यावरून चुलतभावाने नंबर काढला आणि काल त्याने एका फेरफाराचा फोटो पाठवला, 1961 चा. 'मयत सखाराम राघो.' म्हणजे राघो पणजोबांचे वडील! बाबांनी मोबाईल चष्म्याजवळ धरून ती ओळ बोटाने चार वेळा वाचली.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. वारसांत आजोबांचं नाव, त्यांच्या भावाचं नाव आणि खाली 'मुलगी मंजुळा'. बाबांना आत्या होती हेच त्यांना माहीत नव्हतं, आजोबा कधी एका शब्दाने बोलले नाहीत. बाबा कधीपासून गप्प बसलेत, मधेच विचारतात, तिला कुठे दिली असेल गं.

गुहागरची_सून
अगं बाई! पुढचा फेरफार बघ ताबडतोब, तिने भावांसाठी आपला वाटा सोडून हक्कसोड केली असेल तर त्यात सासरचं नाव येतं. आणि सही किंवा अंगठ्याशेजारी गाव लिहिलंय का ते पण बघ.

परळची_लेक
हक्कसोड आहे म्हणे, पण तो कागद मोडीतला दिसतोय. गणपतीला तिकीट मिळालं तर स्वतःच जाऊन नक्कल काढते. तोवर इथे मोडी वाचणारं कोणी असेल तर सांगा, मी फोटो पाठवते.