लोगोवरच अडकतोय? विंडोज लगेच उडवू नका

कॉम्प्युटर सुरू केला की विंडोजचा लोगो येतो, ठिपके फिरत राहतात आणि पुढे काहीच होत नाही, असं असेल तर आधी पेनड्राइव्ह, प्रिंटर, मेमरी कार्ड सगळं काढून बघा. (माझ्याकडे विसरलेलं मेमरी कार्डच निघालं होतं, दोन रविवार वाया!) तरीही तेच, तर ठिपके दिसताच पॉवरचं बटण १० सेकंद दाबून धरून तो बंद करा आणि पुन्हा सुरू करा. असं दोन-तीनदा केलं की विंडोज १० किंवा ११ सहसा आपणहून दुरुस्तीचा पर्याय देतं. तिथून स्टार्टअप सेटिंग्जमध्ये जाऊन ४ दाबलं की सेफ मोड, म्हणजे फक्त गरजेपुरत्या गोष्टींवर चालणारं विंडोज. त्यात नीट चालला तर संशय ड्रायव्हरवर (कॉम्प्युटरचे भाग चालवणारं सॉफ्टवेअर) किंवा ताज्या अपडेटवर. पण जुनी हार्ड डिस्क टकटक करत असेल तर हे प्रयोग नकोच. आधी फोटो, कागदपत्रं वाचवायचं बघा.