शब्दचर्चा: वेगाच्या सेन्सरचे सिग्नल ‘जुळवायचे’ की त्यांचा ‘मेळ’ घालायचा?

मूळ प्रश्न (भाषांतर करणारी)

एका तांत्रिक पुस्तिकेचं मराठी करते आहे. गाडीतलं मूळचं इंजिन किंवा गिअरबॉक्स काढून दुसऱ्याच गाडीचं बसवलं, की वेगाच्या सेन्सरकडून येणारा सिग्नल जुन्या मीटरला किंवा इंजिनच्या कॉम्प्युटरला कळेनासा होतो. तो कळेल असा करून द्यायचा, एवढाच विषय. माझं वाक्य असं झालंय:

‘इंजिन अथवा पारेषणाची अदलाबदल करताना वाहनगती संवेदकाचे संकेत जुळवून घ्यावेत.’

व्याकरणात चूक सापडत नाही, पण वाक्य मलाच ओळख देत नाही. कुठला शब्द अडतोय?

मराठी शिकवणारा

ताई, न अडणारे शब्द मोजणं सोपं जाईल!

‘जुळवून घ्यावेत’पासून सुरू करतो. जुळवून घेतात ती माणसं, नव्या शेजाऱ्याशी नाहीतर खडूस साहेबाशी. त्यात मनातली कुरबुर गिळून राहण्याची छटा आहे. बिचाऱ्या संकेतांनी कुणाशी जुळवून घ्यायचं? बरं, ‘संकेतांची जुळणी’ करायला जावं तर जुळणी म्हणजे सुटे भाग जोडून गाडी उभी करणं. वाहन-जुळणीचा कारखाना म्हणतात तो तोच. छापखान्यात खिळ्यांचीही जुळणीच व्हायची.

‘अदलाबदल’ म्हटलं की माझं तुला, तुझं मला. इथे जुनं इंजिन कुणाच्या गाडीत जात नाही, कोपऱ्यात धूळ खात पडतं. हवापालट, खांदेपालट तसा ‘इंजिनपालट’ मला आवडेल. ‘पारेषण’ मात्र आजच काढा, विजेचे मनोरे डोळ्यांपुढे येतात. ‘प्रसारण’ केलं असतंत तर बातम्याच लागल्या असत्या.

‘संकेत’ चालेल, पण बेतानं. संकेत म्हणजे रूढी, संकेत म्हणजे गुपचूप ठरवलेली खूण. आपल्या वेबसाइटला आपण ‘संकेतस्थळ’ म्हणतो, पण तो शब्द जुन्या काव्यात प्रेमिकांनी भेटायच्या जागेचा आहे, हे सांगितलं की वर्गात हमखास हशा पिकतो.

गॅरेजमधला

पालट वगैरे आमच्याकडे कुणी बोलत नाही. ‘इंजिन टाकलं’ म्हणतात. गिअरबॉक्स ‘उतरवला’, दुसरा ‘चढवला’. ट्रान्समिशन हा शब्दही कागदावरचा, तोंडात गिअरबॉक्सच. आणि ‘संवेदक’ म्हणालात तर पोऱ्या तुमच्याकडेच बघत बसेल. सेन्सर लिहा.

सिग्नल जमला नाही तर आमच्या भाषेत काय म्हणतात तेही सांगतो. काटा मेला. किंवा काटा पळतो, म्हणजे गाडी साठवर आणि मीटर ऐंशीवर. किंवा ‘मीटर मागे आहे’, घड्याळ मागे असतं तसं. मीटर पळतं तेव्हा किलोमीटरही जास्त पडतात, हे गिऱ्हाइकाच्या ध्यानात उशिरा येतं.

भौतिकशास्त्राची शिक्षिका

मला ‘गती’ खटकली. शाळेच्या पुस्तकांत स्पीड म्हणजे चाल, व्हेलॉसिटी म्हणजे वेग आणि मोशन म्हणजे गती. वेगाला दिशा लागते, चालीला नाही. आता सेन्सरकडे बघा. एका गुंडाळीचा साधा सेन्सर गाडी पुढे जाते की मागे हे सांगूच शकत नाही, दोन्हीकडे तसेच ठोके देतो. मग तो ‘चालसंवेदक’च झाला की!

मराठी शिकवणारा

बाई, तर्क बिनतोड आहे. पण चाल गाण्याला असते, बुद्धिबळात असते, घोड्याला असते. ‘गाडीची चाल’ म्हटलं की मला ती डुलत चालल्यासारखी दिसते. रस्त्यावरची पाटी ‘वेगमर्यादा’ सांगते, तिथून पुढे ‘गतिरोधक’ येतो. दिशेचा विचार दोघांनीही केलेला नाही. रोजच्या मराठीनं वेग निवडलाय, तोच ठेवू.

सर्किट करणारा

माफ करा, पण सेन्सर गाडीचा वेग मोजतच नाही. ना चाल, ना वेग, ना गती. तो मोजतो गिअरबॉक्सच्या बाहेर पडणाऱ्या दांड्याचे फेरे. खरं तर फेरेही नाही, समोरून जाणारे दाते. त्या दात्यांवरून गाडीचा वेग काढण्यासाठी मधे दोन गोष्टी धराव्या लागतात, मागच्या डिफरन्शिअलचं (दांड्याचे फेरे चाकांकडे नेणाऱ्या गिअरचं) गुणोत्तर, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला दांड्याचे किती, आणि टायरचा घेर. मूळ गाडीत हे सगळं कारखान्यानं धरलेलं असतं, म्हणून ‘वेगाचा सेन्सर’ हे नाव खपून जातं. पालट केला की नावातली लबाडी उघडी पडते. (इंजिनपालट मला आवडला, मी वापरणार.)

उदाहरण देतो. जनरल मोटर्सच्या फोर-एल-सिक्स्टी-ई या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये बाहेरच्या दांड्यावर ४० दात्यांची चकती असते. डिफरन्शिअल ३.७३ चा आणि टायरचा घेर २ मीटर धरू. एका किलोमीटरला चाक ५०० फेरे घेतं, दांडा १,८६५ आणि सेन्सर देतो ७४,६०० ठोके. आता हा गिअरबॉक्स जपानी पद्धतीच्या मीटरला जोडायचाय. त्या पद्धतीत मीटरची केबल (जुन्या गाड्यांत गिअरबॉक्सपासून मीटरपर्यंत फिरणारी तार) किलोमीटरला ६३७ फेरे घेते आणि दर फेऱ्याला ४ ठोके, म्हणजे २,५४८. काहीच न करता तार जोडली तर मीटरला गाडी एकोणतीस पट वेगानं धावताना दिसेल. नेमकं सांगायचं तर २९.२८ पट.

भाषांतर करणारी

थांबा, ‘ठोके’ म्हणताय ते पल्सच ना? मी ‘स्पंद’ केलंय. आणि दात की दाते?

मराठी शिकवणारा

माणसाला दात, करवतीला आणि कंगव्याला दाते. एकवचन ‘दाता’. दानशूर दाता आणि चकतीचा दाता एकाच वाक्यात आले नाहीत म्हणजे मिळवली. पण ‘चाळीस दातांची चकती’ लिहू नका, ती चावेल.

भौतिकशास्त्राची शिक्षिका

स्पंद बरोबर आहे, पुस्तकातलाच आहे. एका सेकंदातले स्पंद म्हणजे वारंवारता. ठोका बोलायला छान, पण ठोक्यात आवाज ऐकू येतो.

सर्किट करणारा

स्पंद घ्या, फक्त ‘चार स्पंदी सेन्सर’ असं मोघम लिहू नका. इथे भले भले फसतात. चार स्पंद कशाच्या फेऱ्याला? चाकाच्या नाही, दांड्याच्याही नाही, जुन्या केबलच्या. केबल गेली, पण तिचा फेरा मापाच्या रूपानं मागे राहिला. त्यातही जपानी केबल किलोमीटरला ६३७ फेऱ्यांची, अमेरिकी मैलाला १,००० फेऱ्यांची, म्हणजे किलोमीटरला साधारण ६२१. दोन्हीकडे चार-चार स्पंद धरले तर एकीकडे २,५४८ आणि दुसरीकडे सुमारे २,४८५. जपानी सिग्नल अमेरिकी मीटरला दिला की खऱ्या १०० ला काटा साधारण १०२.५ दाखवतो. फरक इतका कमी की कुणी शोधायलाही जात नाही. म्हणून पुस्तिकेत ‘किलोमीटरला इतके स्पंद’ असंच लिहा, फेऱ्याचं नावच काढू नका.

गॅरेजमधला

अडीच टक्के चालतात हो.

सर्किट करणारा

काटा पुढे असला तर चालतात. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या ३९ व्या नियमात मीटरनं खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही, जास्त दाखवलं तर खऱ्या वेगाचा दहावा भाग अधिक ४ किलोमीटर, एवढीच सूट. १०० ला ११४ पर्यंत. उलट जोडणी केली, अमेरिकी सिग्नल जपानी मीटरला, तर तेच अडीच टक्के मागे पडतात, आणि मागे पडायला सूटच नाही.

भाषांतर करणारी

आकडे कळले. पण माझं क्रियापद अजून लटकतंय. ‘जुळवून घ्यावेत’ नको, मग ‘जुळवावेत’?

सर्किट करणारा

अर्धंच होईल. कारण काम एक नाही, दोन आहेत, आणि माझ्या मते इथे मराठीचा फायदा घेता येईल. इंग्रजीत दोन्हींना ‘मॅच’ म्हणून मोकळे होतात आणि वाचणारा दुसरं काम विसरतो.

पहिलं काम सिग्नलच्या रूपाचं. दोन तारांचा सेन्सर म्हणजे चुंबक आणि भोवती गुंडाळी. दाता समोरून गेला की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि गुंडाळीत वीज उमटते. बाहेरून वीज द्यावी लागत नाही. ती लाटेसारखी वर-खाली होते आणि वेग वाढला की तिची वारंवारताही वाढते, उंचीही. गाडी रांगत असताना उंची इतकी कमी की समोरच्याला काही ऐकूच जात नाही. तीन तारांचा हॉल सेन्सर (चुंबकीय क्षेत्र ओळखणारी चिप असलेला) वेगळा. त्याला वीज लागते आणि तो चौकोनी सिग्नल देतो, हळू असो की जोरात, उंची तीच. चौकोनी सिग्नलची सवय असलेल्या मीटरला लाट दिली तर काटा हलेलच याची खात्री नाही. किलोमीटरचे स्पंद अगदी तंतोतंत असले तरी!

दुसरं काम मोजणीचं, ते वर आलंच. ७४,६०० चे २,५४८ करणं.

मराठी शिकवणारा

मग शब्द तयारच आहेत. रूप ‘जुळतं’: रंग जुळतो, आवाज जुळतो, चेहरेपट्टी जुळते. आकड्यांचा ‘मेळ बसतो’: जमाखर्चाचा मेळ, रोख शिलकीचा मेळ. चेहऱ्याचा मेळ बसला असं कुणी म्हणत नाही. आणि जमाखर्च नुसता जुळला म्हटलं तर कारकून आधी मेळ दाखव म्हणेल. तेव्हा सिग्नलचं रूप जुळवायचं आणि स्पंदांचा मेळ घालायचा.

भाषांतर करणारी

वा! हे मला सुचलं नसतं. पण एक वाक्य अजून उरलंय. हॉल सेन्सरच्या तारेला ‘पुल-अप रेझिस्टर’ लावा, असं मूळात आहे. मी ‘उर्ध्वकर्षी रोध’ केलंय.

गॅरेजमधला

काय केलंय??

सर्किट करणारा

उर्ध्वकर्षी वाचून मला रॉकेट आठवलं. तिथे होतं काय ते सांगतो, शब्द तुम्ही ठरवा. पुष्कळ हॉल सेन्सर स्वतः व्होल्टेज देत नाहीत, फक्त सिग्नलची तार अर्थिंगला टेकवतात आणि सोडतात. सोडल्यावर ती तार वर राहावी म्हणून कुणीतरी तिला उचलून धरावं लागतं. ते काम हा रोध करतो. मूळ गाडीत तो कॉम्प्युटरच्या किंवा मीटरच्या आतच असतो, म्हणून दिसत नाही. पालटात समोरचा भाग दुसरा आला आणि त्यात हा रोध नसला, तर सेन्सर चांगला असूनही सिग्नल शून्य. मग लोक सेन्सरवर सेन्सर बदलत बसतात.

मराठी शिकवणारा

तुम्हीच म्हणालात की, उचलून धरणारा. ‘तार वर उचलून धरणारा रोध, म्हणजेच पुल-अप’ असं एकदा लिहा, पुढे नुसतं पुल-अप.

भाषांतर करणारी

‘कॅलिब्रेशन’ला अंशांकन?

भौतिकशास्त्राची शिक्षिका

हो.

गॅरेजमधला

तुमच्या शब्दांत एक राहून गेलं. हे सगळं फक्त काट्यासाठी नाही. इंजिनच्या कॉम्प्युटरला गाडी चालतेय की उभी आहे हे याच सिग्नलवरून कळतं. सिग्नल नाही तर कित्येक गाड्यांत सिग्नलला (रस्त्यावरच्या, तुमच्या नव्हे) थांबताना इंजिन गचके खातं, बंदही पडतं. स्कॅनर लावला की पी ०५०० हा, वेगाच्या सेन्सरच्या बिघाडाचा, कोड येतो. गिऱ्हाईक म्हणतं इंजिन खराब दिलंत, आणि दोष असतो तारेचा. पुस्तिकेत ‘मीटरसाठी’ एवढंच लिहाल तर ज्याला काट्याची पर्वा नाही तो ही पानं उलटून पुढे जाईल.

सर्किट करणारा

सहमत. आणि एकाच सिग्नलचे ऐकणारे दोन असतील तर दोघांना वेगळे आकडे लागू शकतात. कॉम्प्युटर नव्या इंजिनाबरोबर आलाय, त्याला नव्या गिअरबॉक्सचे ७४,६०० च हवेत. मीटर जुन्या गाडीचं, त्याला २,५४८. त्यामुळे ‘सिग्नल बदला’ असं सरसकट लिहू नका. मीटरकडे जाणाऱ्या तारेवरच मेळ घालायचा. मधे बसवायच्या छोट्या डब्या मिळतात, त्यात गुणोत्तर भरता येतं. २९.२८ सारख्या अपूर्णांकानं भागणं त्यांना जमतं. केबलवाल्या गिअरबॉक्सात मात्र प्लास्टिकचं दातेरी चाक बदलावं लागतं, आणि दाते पूर्णांकातच असणार, साडेअठरा दात्यांचं चाक कुठून आणणार? त्यामुळे तिथे मेळ ‘जवळपास’च बसतो.

भाषांतर करणारी

सगळ्यांचं ऐकून वाक्य पुन्हा लिहिलं:

‘दुसरं इंजिन किंवा गिअरबॉक्स बसवल्यावर वेगाच्या सेन्सरचा सिग्नल आधी रूपानं जुळवून द्यावा, मग ज्या यंत्राला तो द्यायचा त्याच्या किलोमीटरच्या स्पंदांशी त्याचा मेळ घालावा. हे मीटरइतकंच इंजिनच्या कॉम्प्युटरसाठीही लागतं.’

‘इंजिनपालट’ प्रकरणाच्या मथळ्यात घेतला, आत मात्र ‘बसवणं’च ठेवलंय. शब्दसूचीत वेगापुढे ‘शालेय परिभाषेत चाल’ अशी नोंद केली, बाईंसाठी.

मराठी शिकवणारा

‘जुळवून द्यावा’! एका ‘द्यावा’नं कुरबुर गेली बघा.

गॅरेजमधला

छान. फक्त टायर लिहा. इंजिन-गिअरबॉक्स टाकणारा पुढच्या महिन्यात मोठे टायरही टाकतोच.

भाषांतर करणारी

लिहिलं: ‘टायरचा घेर किंवा डिफरन्शिअल बदलल्यास मेळ पुन्हा घालावा, सिग्नलचं रूप पुन्हा जुळवावं लागत नाही.’