मी नगरची सीएनआय, तो वसईचा कॅथलिक. प्रार्थनेतली एक ओळ आणि आमचं लग्न

प्रश्न – नगरची_लेक

इथे ख्रिस्ती घरांतली बरीच मंडळी आहेत म्हणून लिहिते आहे. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

मी नगरची, सीएनआय म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट मंडळीतली. पणजोबा अमेरिकन मराठी मिशनच्या शाळेत मास्तर, आजोबा पाळक, म्हणजे आमच्याकडचे धर्मगुरू. आमच्या देवळात भिंतीवर एक साधा लाकडी क्रूस आहे, बाकी काही नाही. पेटी, तबला आणि ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची पदं यांवर मी वाढले. तो वसईचा, सामवेदी ख्रिस्ती. घरी कादोडी बोलतात. मागे केळीची आणि सोनचाफ्याची वाडी आहे. पुण्यात एकाच ऑफिसात आमची ओळख झाली, त्याला आता चार वर्षं झाली.

दोन्ही घरं एकदा भेटली आणि तिथेच अडलं. लग्न कुठल्या देवळात, मुलांचं काय, यावर बोलणं फिरत राहिलं. बाबा म्हणाले, "आपला बाप्तिस्मा काय खोटा आहे का, लग्नाला त्यांच्या बिशपांची परवानगी कसली मागायची?" त्यांच्याकडच्या एका मावशींनी चहा देता देता आईला विचारलं, "तुम्ही मूळचे कोण?" आई काही बोलली नाही. परतीच्या गाडीत नगरपर्यंत कुणीच काही बोललं नाही.

पण त्याच दिवशी आणखी एक गोष्ट घडली आणि ती माझ्या मनातून जात नाही. त्याची आजी अंथरुणाला खिळलेली आहे. संध्याकाळी सगळे तिच्या खोलीत रोझरी, म्हणजे कॅथलिकांची माळेवरची प्रार्थना, म्हणायला जमले, मीही गेले. मला रोझरी येत नाही. भिंतीला टेकून मी नुसती ऐकत होते. आजीच्या माळेचे मणी झिजून गुळगुळीत झालेत, एका ठिकाणी दोरा तुटला तिथे काळ्या दोऱ्याने गाठ मारली आहे. मग प्रभूची प्रार्थना आली. ती तर माझीच! मीही सुरू केली. शब्द इकडेतिकडे, पण चाललं. "वाइटापासून सोडव" झालं आणि ते सगळे थांबले. मी सवयीने पुढे गेले, "कारण राज्य, सामर्थ्य व गौरव ही सर्वकाळ तुझी आहेत." खोलीत माझा एकटीचाच आवाज. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात आजी डोळे मिटूनच, स्पष्ट म्हणाली, "आमेन."

त्या एका शब्दावर मी आशा धरून आहे. ज्यांच्या घरात असं जमलं आहे त्यांनी सांगा: नियम काय आहेत, आणि नियमांपलीकडे रोजचं कसं जमतं?

---

उत्तर – वाडीतली_बायो

तुझं वाचून डोळ्यांत पाणी आलं गं. मी वसईची, नवरा पुण्याचा सीएनआय. लग्नाला एकोणीस वर्षं झाली.

आधी ती ओळ. ती आमच्याकडेही आहे! मिस्सामध्ये, म्हणजे आमच्या देवळातल्या उपासनेत, "वाइटापासून सोडव" झालं की आपण थांबतो, फादर एकटे एक छोटी प्रार्थना म्हणतात आणि मग सगळे मिळून तुझीच ओळ म्हणतात. रोझरीत ती येत नाही, एवढंच. म्हणजे आजींना ती पाठ असणार. तू परकं काही बोलली नाहीस.

आता नियम. तुझ्या बाबांना सांग, पाण्याने आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा यांच्या नावाने दिलेला बाप्तिस्मा कॅथलिक चर्च खराच मानतं. तुला पुन्हा बाप्तिस्मा देणार नाहीत. परवानगी मागायची ती मुलाने, त्याच्या बिशपांकडे. मुलांना कॅथलिक श्रद्धेत वाढवण्यासाठी आपल्या परीने सगळं करीन, असं वचनही त्यालाच द्यावं लागतं, तुला फक्त त्याची कल्पना दिली जाते. पूर्वी दुसऱ्या बाजूलाही वचन द्यावं लागे, पोप पॉल सहावे यांनी 1970 साली ते काढून टाकलं. लग्न तुमच्या देवळात हवं असेल तर बिशप तशी सूटही देऊ शकतात. ती आधी मागावी लागते, पत्रिका छापल्यावर नाही. बाप्तिस्म्याचा दाखला आत्ताच काढून ठेव.

पण मुलांच्या वचनावर तुम्ही दोघांनी लग्नाआधी बसून नीट बोला. आम्ही "बघू पुढे" म्हणालो आणि थोरल्याच्या वेळी आठ महिने घरात अबोला होता.

आणि एक दुखणं आहे ते लपवत नाही. मिस्सात मी कम्युनियनला (प्रभुभोजनाची भाकर घ्यायला) उठते तेव्हा तो, कॅथलिक नसल्यामुळे, बाकावर बसून राहतो. एकोणीस वर्षांत त्याची सवय झालेली नाही, आणि होऊही नये असं मला वाटतं. मी परत आले की तो सरकून जागा करतो आणि माझा हात धरतो.

---

उत्तर – निवृत्त_मास्तर

बेटा, तुझ्या वडिलांच्या वयाचा आहे म्हणून एकेरीत लिहितो.

आपण सीएनआयवाले जन्मापासून एकच होतो असं तरुणांना वाटतं. तसं नाही. 1929 साली लखनौला बोलणी सुरू झाली आणि सहा मंडळ्या एक झाल्या 29 नोव्हेंबर 1970 रोजी, नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये. एक्केचाळीस वर्षं! अँग्लिकनांना बिशप हवे, आपल्या नगरच्या जुन्या मंडळीला प्रत्येक देवळाचं स्वातंत्र्य प्यारं. बॅप्टिस्ट आणि ब्रदरन म्हणत, बाप्तिस्मा समजत्या वयातच. बाकीचे तान्ह्या बाळांना देत. शेवटी काय केलं? दोन्ही रीती ठेवल्या. ज्याला जी मान्य त्याने ती पाळावी, पण प्रभुभोजनाला एकाच मेजाशी यावं. मेथडिस्टांचा मोठा गट ऐन वेळी मागे राहिला, त्याची हळहळ माझ्या वडिलांना शेवटपर्यंत होती. तरी जे झालं ते लहान नव्हे.

तुझ्या वडिलांना टिळकांच्या घराचीही आठवण करून दे. नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला 1895 साली, लक्ष्मीबाईंनी 1900 साली. मधली काही वर्षं ताटातूट झाली, आणि पुन्हा एकत्र आले तेव्हा एकाच छपराखाली तो ख्रिस्ती, ती हिंदू. त्या मानाने तुमच्यात अंतर ते किती? एकच तारणारा, एकच शास्त्र. (त्यांच्या बायबलात काही पुस्तकं जास्त आहेत, त्यावर लग्नाच्या बैठकीत वाद घालू नका.)

दरवर्षी 18 ते 25 जानेवारी हा ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थनेचा आठवडा असतो. दोन्ही घरांनी त्या आठवड्यात एक संध्याकाळ एकत्र बसावं, असं सुचवतो.

---

उत्तर – श्रीरामपूर_रोड

वरचं सगळं पटलं, पण मावशींचा प्रश्न कुणी हातात घेतला नाही, म्हणून लिहितो.

"मूळचे कोण" याचा अर्थ तुझ्या आईला कळला, म्हणूनच ती गप्प बसली. मी कॅथलिक आहे, महार समाजातून आलेल्या घरातला. हा प्रश्न मला देवळाच्या पायरीवर विचारला गेला आहे, आणि विचारणारा माझ्याच चर्चचा होता. तेव्हा हा कॅथलिक आणि प्रोटेस्टंट असा भेद नाही. 2016 साली भारतातल्या कॅथलिक बिशपांनी दलितांविषयीच्या धोरणपत्रात चर्चमध्ये भेदभाव आहे हे स्वतःच मान्य केलं. मान्य केल्याशिवाय औषध लागत नाही.

आशा मला कुठे दिसते तेही सांगतो. 10 ऑगस्ट 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीच्या सवलती फक्त हिंदूंपुरत्या ठेवल्या. पुढे 1956 ला शीख आणि 1990 ला बौद्ध त्यात आले, आपण दलित ख्रिस्ती अजून बाहेरच. म्हणून 10 ऑगस्टला काळा दिवस पाळतात, आणि त्यात फादर आणि पाळक एका रांगेत उभे असतात. मी उभा राहिलो आहे. शेजारच्या माणसाची उपासना कुठली, हे त्या उन्हात कुणी विचारलं नाही.

तुझ्या होणाऱ्या नवऱ्याने मावशींशी स्वतः बोललं पाहिजे. तू नाही, तुझी आई तर नाहीच. तो बोलला तर डोळे झाकून लग्न कर.

---

नगरची_लेक (पुन्हा)

सगळ्यांचे मनापासून आभार. श्रीरामपूरचे दादा, तुमचं उत्तर मी त्याला जसंच्या तसं पाठवलं. तो दोन दिवस गप्प होता. शनिवारी वसईला गेला आणि मावशींसमोर बसून बोलला. मावशी आधी चिडल्या, मग रडल्या. काल त्यांनी आईला फोन केला. काय बोलणं झालं ते आई सांगत नाही, पण फोन ठेवल्यावर तिने मला वसईला न्यायला चकल्या करायला घेतल्या.

बायोताई, आजीला विचारलं. म्हणाली, "मिस्साला म्हणतोच की. तू म्हणालीस, मला वाटलं मी देवळातच आहे." तिला देवळात जाऊन तीन वर्षं झालीत.

मुलांच्या वचनावर आम्ही अजून बोलतो आहोत. ते सोपं नाही.

रविवारी बाबा येताहेत वसईला. काल रात्री बॅग भरताना विचारत होते, "त्यांची उपासना किती वाजता असते?" ते मिस्सा म्हणतात बाबा, असं तोंडावर आलं होतं. नाही म्हटलं. सातला असते, एवढंच सांगितलं.