सिड मायर यांचा 'पायरेट्स!' आता खेळायचा तर कोणता घ्यावा?

मंडळी, समुद्री चाच्यांवरचा एखादा जुना गेम निवांत खेळायचा आहे. 'पायरेट्स!'चं नाव सारखं कानावर येतं. पण १९८७चा मूळ गेम, १९९३चा 'गोल्ड' आणि २००४चा नवा, असे तीन दिसतात. सुरुवात कुठून करू? लॅपटॉपवर खेळणार आहे.

प्रतिसाद १

डोळे मिटून २००४चा घ्या. कॅरिबियन समुद्र, स्पेन-इंग्लंड-फ्रान्स-हॉलंडची भांडणं आणि त्यात आपला डाव साधणारे तुम्ही, हा गाभा तसाच आहे. फक्त तलवारबाजी, गलबत वळवणं, गव्हर्नरच्या मुलीबरोबरचा नाच, सगळं नंबरपॅडवर (कीबोर्डच्या उजवीकडच्या आकड्यांच्या बटणांवर) बेतलेलं आहे. लॅपटॉपला तो नसेल तर यूएसबीवाला आधी आणा.

आणि सुरुवातीला स्लूप हे चपळ जहाज सोडू नका. गॅलियन हे मोठं जहाज हाती लागलं की मोह होतोच, पण तिथला वारा बहुतेक पूर्वेकडून येतो. पश्चिमेच्या व्हेराक्रूझकडे झरझर जाल. पूर्वेच्या बार्बाडोसला परतताना गॅलियन जागचं हलत नाही. अन्न संपत येतं, खलाशी कुरकुरायला लागतात. स्लूप छोटं असतं, पण वाऱ्याविरुद्ध वाट काढतं.

प्रतिसाद २

२००४चा घ्याच, पण नंतर मूळ गेमही खेळा, ही कळकळीची विनंती. कमोडोर ६४ या जुन्या घरगुती संगणकावर आलेला तो गेम मला आजही जास्त खरा वाटतो. भोवतालचा थोडाच समुद्र दिसतो. आपण कुठे आहोत ते कळायला सूर्याची उंची मोजायची, त्यातून अक्षांश मिळतो. रेखांश नाहीच! मग पुढ्यातला किनारा नकाशाशी ताडून बघायचा. असंच चाचपडत असताना पहिल्यांदा क्युबाचा किनारा ओळखला, तो आनंद अजून आठवतो.

सोबतची पुस्तिका जरूर मिळवा. स्पेनचा खजिन्याचा ताफा कोणत्या महिन्यात कोणत्या बंदरात असतो ते त्यात आहे. प्रत अस्सल आहे का हे तपासायला गेम सुरुवातीला त्यातलाच प्रश्न विचारायचा, आणि पुढे ताफा गाठायलाही तेच वेळापत्रक कामी यायचं. इतकी नेटकी कल्पना मी दुसऱ्या गेममध्ये पाहिलेली नाही.

काळ १६६०चा निवडा. इंग्रज, फ्रेंच, डच बंदरं पुष्कळ असतात, लूट विकायला अडत नाही.

मूळ प्रश्नकर्ता

आभार! २००४चाच घेतो. लुटीची वाटणी कधी करायची?

प्रतिसाद २

खलाशी नाराज व्हायला लागले की फार ताणू नका. पण उगाच घाईही नको. वाटणी झाली की माणसं पांगतात, ताफा मोडतो आणि काही महिने निघून जातात. या गेममध्ये कप्तानाचं वय वाढतं, तलवारीचा हात मंदावतो. म्हणून माझ्या मते पहिली सफर लांब करा, तरुणपणीच तगड्या शत्रूंशी भिडा. वाटणीनंतर अवघड पातळी घेता येते, त्यात कप्तानाचा हिस्साही वाढतो. ती दुसऱ्या सफरीलाच घ्या.