फोड कोणत्या थरात येईल हे डेस्मोग्लीन ठरवते

पेम्फिगस या, शरीराची स्वतःचीच प्रतिपिंडे (अँटिबॉडी) त्वचेवर हल्ला करून फोड आणणाऱ्या आजाराच्या काही रुग्णांना केवळ तोंडातच व्रण का होतात, तर काहींचे तोंड निरोगी राहून छाती-पाठीवरच फोड का येतात, या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी डेस्मोग्लीन या प्रथिनाच्या वाटणीत सापडते. त्वचेच्या पेशींना एकमेकींशी जखडणाऱ्या डेस्मोसोम या सांध्यांत हे प्रथिन असते. त्याचा १ हा प्रकार त्वचेच्या वरच्या थरांत विपुल असतो आणि ३ हा खालच्या थरांत. तोंडाच्या अस्तरात मात्र मुख्य भार ३ वरच असतो. त्यामुळे प्रतिपिंडे फक्त ३ विरुद्ध असतील, तर तोंड सोलवटते, पण त्वचेत १ सांभाळून घेतो. दोन्हींविरुद्ध असतील, तर त्वचाही सुटते. आणि केवळ १ विरुद्ध असतील, तर वरवरचे, सहज फुटणारे फोड येऊन तोंड शाबूत राहते.

या मांडणीला सर्वांत बोलका दुजोरा, माझ्या मते, एका जिवाणूकडून मिळतो. स्टॅफिलोकॉकस ऑरियसच्या काही वाणांचे विष नेमके डेस्मोग्लीन १ कापते, आणि अशा संसर्गात बाळांची त्वचा त्याच वरच्या थरात सोलते, तोंडाचे अस्तर मात्र वाचते. येथे प्रतिपिंडांचा काही संबंध नसतो.

एक खुलासा: बुलस पेम्फिगॉइड हा फोडांचाच दुसरा आजार पेम्फिगसबरोबर जोडू नये, कारण त्यात हल्ला पेशींना खालच्या पटलाशी बांधणाऱ्या हेमिडेस्मोसोमवर होतो, म्हणूनच त्याचे फोड खोलवर होऊन ताठ असतात.