मध्ययुगीन नाइटांचे घोडे खरे दिसावेत म्हणून कसे रंगवावेत?

रिकीब:
नमस्कार मंडळी. तेराव्या-चौदाव्या शतकातल्या युरोपियन नाइटांचे २८ मिमीचे छोटे पुतळे रंगवायला घेतलेत, डझनभर. चिलखत, ढाली, त्यांवरची चिन्हं हे सगळं मनासारखं होतं. घोडे मात्र खोटे वाटतात. तपकिरी बेस, काळपट वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग) आणि वरून ड्रायब्रश (जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर रंग घासणं) असं करतो, तर अंगावर खडूची पूड सांडल्यासारखं दिसतं. रंग अ‍ॅक्रिलिक आहेत, ऑइल वापरायची तयारी आहे, एअरब्रश नाही. घोड्यांचे रंग कोणते निवडावेत तेही सांगा.

पंचकल्याणी:
ड्रायब्रश आयाळ-शेपटीपुरता ठेवा. अंग गुळगुळीत असतं, तिथे ब्रशला पकडायला काही मिळत नाही, म्हणून ती पूड दिसते.

पण तंत्राच्या आधी रंगाची ठेवण बघा. तपकिरीची छटा थोडी इकडेतिकडे झाली तरी चालते. कुठला भाग गडद आणि कुठला फिका, हे चुकलं की घोडा खोटा वाटतो. कुमाईत घ्या: अंग तांबूस तपकिरी, आयाळ, शेपूट, कानांच्या कडा आणि पायांचा खालचा भाग काळा. हा काळा गुडघ्याशी रेघ मारून थांबत नाही, वरच्या तपकिरीत विरत जातो. चेस्टनट, म्हणजे सगळ्या तांबूस घोड्यात काळं नसतंच. त्याची आयाळ अंगाच्याच रंगाची किंवा फिकी, कधी चक्क सोनेरी.

पांढरे दिसणारे बहुतेक घोडे मुळात करडे. जन्मतात गडद, वयाबरोबर उजळतात, पण कातडी काळीच राहते. त्यामुळे नाकपुड्या, ओठ आणि डोळ्यांभोवती गडद करडा हवा. उलट कुमाइताच्या कपाळावरचा पांढरा पट्टा नाकापर्यंत आला असेल, तर त्या पट्ट्यात नाकाची कातडी गुलाबी. पायाला पांढरे मोजे (खालचा भाग पांढरा) असतील तर खूर सहसा फिका, काळ्या पायाचा खूर गडद. चारही पायांचे मोजे एकाच उंचीचे मात्र करू नका.

डझनातले बरेचसे कुमाईत आणि चेस्टनट, दोन-तीन करडे, एखादा काळा, एवढं पुरे. बायू टॅपेस्ट्री (मध्ययुगीन भरतकामाचा लांब पट) बघून रंग ठरवू नका, तिच्यात निळे घोडेही आहेत!

जवसतेल:
ऑइल घ्याच, घोड्यांसाठी त्याच्या तोडीचं दुसरं काही नाही. बेस हवा त्यापेक्षा उजळ ठेवा: कुमाइताला नारिंगीकडे झुकणारा तपकिरी, चेस्टनटला त्याहून फिका. पूर्ण वाळला की सॅटिन वार्निशचा एक हात. ट्यूबमधला बर्न्ट अंबर थोडा वेळ कार्डबोर्डवर काढून ठेवा, जास्तीचं तेल शोषलं जातं. चेस्टनटसाठी बर्न्ट सिएना. अख्ख्या घोड्यावर पातळ थर द्या, दहा-पंधरा मिनिटं थांबा आणि मेकअपच्या स्पंजच्या तुकड्याने केसांच्या दिशेने हलक्या हाताने पुसा. पुठ्ठा (घोड्याचा मागचा भाग), खांदा, मान इथल्या उंचवट्यांवरचा रंग निघतो, स्नायूंच्या खाचांत राहतो. जास्त पुसलं गेलं तर परत लावा, घाई नसते.

कुमाइताचे पाय ओल्यातच करा. खाली आयव्हरी ब्लॅक लावायचा आणि कोरड्या मऊ ब्रशने वर ओढायचा. अंबर लवकर वाळतो, काळा रेंगाळतो, म्हणून काही दिवस हात लावू नका. टर्पेंटाइन वापरताना खिडकी उघडी ठेवा.

खरारा:
तपकिरी घोड्यांपुरतं पटलं. करड्यावर नुसतं पुसून तो मळका दिसतो. ठिपक्यांचा करडा ब्रशनेच करा: मध्यम करड्या अंगावर फिके, लहान-मोठे गोल ठिपके, मधली जाळी गडद राहू द्यायची, मग पातळ ग्लेझ (पारदर्शक रंगाचा थर) मारून सगळं थोडं दबवायचं. ठिपके पुठ्ठ्यावर आणि पोटाकडे दाट, गुडघ्याखाली नकोत. तोंड उजळ, पाय गडद. वेळ लागतो, पण असा एक घोडा पथकात असला की नजर तिथेच जाते.

रिकीब:
फार उपयोगी, मनापासून आभार. काही घोड्यांवर झूल आहे, तोंड आणि पायच उघडे आहेत. त्यांना ऑइलचा खटाटोप करावा का? आणि डोळे कसे?

पंचकल्याणी:
झुलीवाल्यांना अ‍ॅक्रिलिक पुरे. आधी पाय आणि तोंड, मग झूल. तिच्यावर ढालीचंच चिन्ह घ्या आणि खालच्या काठाला चिखल लावा. आत झाकलेल्या अंगाचा रंग ठरवूनच तोंड रंगवा, नाहीतर कुमाइताचं तोंड आणि चेस्टनटचे पाय एकाच घोड्याला येतात.

डोळ्यात पांढरं भरू नका. शांत घोड्याच्या डोळ्यात पांढरा भाग सहसा दिसत नाही, जवळजवळ सगळा डोळा गडदच. काळपट तपकिरी भरा. सगळ्यावर मॅट वार्निश झालं की डोळ्यावर आणि नाकपुडीच्या आत ग्लॉसचा बारीक थेंब ठेवा. चकाकी त्यातून आपोआप येते, वेगळा पांढरा ठिपका लागत नाही.