अँटिबॉडी घालताच सोन्याचे नॅनोकण निळे पडतात

प्रश्न: सीआरपीच्या (दाह झाला की रक्तात वाढणारं प्रथिन) पट्टी-चाचणीसाठी ४० नॅनोमीटरचे, सिट्रेट लावलेले सोन्याचे कण वापरतोय. १ मिलीत १० मायक्रोग्रॅम अँटिबॉडी टाकली की लाल रंग लगेच जांभळट-निळा होतो. अँटिबॉडी पीबीएसमध्ये (फॉस्फेट असलेलं खारट बफर द्रावण) आहे. चुकतंय कुठे?

उत्तर १: पीबीएसमध्येच. हे कण ऋणभारामुळे एकमेकांपासून लांब राहतात. क्षार तो भार झाकतात आणि कण गोळा होतात. अँटिबॉडी आधी डायलिसिस करून (पातळ पडद्यातून क्षार बाहेर काढून) २ ते ५ मिलिमोलर बोरेट बफरमध्ये आणा. कणांचा पीएच ०.१ मोलर पोटॅशियम कार्बोनेटने ८.५ च्या आसपास न्या. मोजायला पीएच-कागद बरा, इलेक्ट्रोडवर कण चिकटून बसतात.

उत्तर २: शिवाय १० हा आकडा अंदाजानेच घेतलेला दिसतो. ० ते २० मायक्रोग्रॅम अँटिबॉडीच्या नळ्या लावा, प्रत्येकीत १ मिली कण. १० मिनिटांनी १०० मायक्रोलिटर १० टक्के मीठपाणी घाला. जी सर्वांत कमी मात्रा लाल टिकते, तिच्यापेक्षा १०-२० टक्के जास्त वापरा. नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका. ६०० नॅनोमीटरच्या पुढच्या तरंगलांबीला प्रकाशाचं शोषण वाढलं की गुठळ्या झाल्याच.

प्रश्नकर्ता: आणि सेंट्रिफ्यूज?

उत्तर १: आधी १ टक्का बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन, कणांवरच्या मोकळ्या जागा झाकायला) घालून अर्धा तास थांबा, मगच फिरवा. वेग जास्त झाला तर तळाचा थर घट्ट बसतो, परत विरघळत नाही. आणखी एक, सीआरपी फार वाढलेलं असेल तर हुक इफेक्टमुळे (जादा सीआरपीने अँटिबॉडीच्या जागा आधीच भरून गेल्याने) चाचणी-रेषा उलट फिकी पडते. नमुना पातळ करूनही तपासा.